हाताला ठाऊक असलेली जागा

माझ्या संगणकावर नवी ऑपरेटिंग सिस्टीम येऊन आता सात आठवडे झाले. घाईने मत बनवू नये असे मी या काळात स्वतःला अनेकदा बजावले, कारण नवे काही अंगवळणी पडायला वेळ लागतो हे मलाही मान्य आहे. ही सिस्टीम लवकर सुरू होते, मध्येच अडकत नाही आणि लॅपटॉपची बॅटरीही पूर्वीपेक्षा जास्त वेळ टिकते. माझी तक्रार तिच्या पडद्यावरच्या मांडणीबद्दल आहे. त्या मांडणीत केलेल्या फेरफारांनी माझे रोजचे काम अवघड केले आहे, आणि त्यांतले बहुतेक फेरफार करण्याची काहीच गरज नव्हती असे माझे ठाम मत झाले आहे.

मी मजकूर संपादनाचे काम करते. आलेल्या प्रत्येक फाईलला आमच्या पद्धतीप्रमाणे नवे नाव द्यावे लागते आणि असे दिवसातून तीस-चाळीस वेळा होते. पूर्वी फाईलवर राइट क्लिक केले की शब्दांची एक यादी उघडत असे आणि 'नाव बदला' हा पर्याय तिच्या तळाशी असे. तो मी वाचत नव्हते. कर्सर किती खाली न्यायचा हे हाताला ठाऊक होते. आता ती यादी आखूड केली आहे आणि नाव बदलणे, कापणे, चिकटवणे, काढून टाकणे या नेहमीच्या कामांची बारीक चित्रे एका आडव्या ओळीत मांडली आहेत. त्यांच्याखाली शब्द नाहीत. फाईल पडद्याच्या वरच्या भागात असेल तर ही ओळ यादीच्या माथ्यावर येते, खालच्या भागात असेल तर यादीच्या तळाशी जाते. नाव बदलण्याच्या चित्राला लागूनच काढून टाकण्याचे चित्र आहे आणि पहिल्या आठवड्यात दोनदा माझे बोट त्यावर पडले. फाईल कचरापेटीतून परत मिळाली, तरी तेव्हापासून प्रत्येक वेळी मी थांबून, चित्र निरखून मगच क्लिक करते. एफ-टू ही की दाबली तर आजही नाव बदलता येते. ती आठवली तेव्हा मला जो आनंद झाला, त्यावरून मी किती वैतागले होते हे माझ्या लक्षात आले.

एवढ्याशा गोष्टीचे इतके काय, असे कुणी म्हणेल. पण पडद्यावरच्या जागेचा आणि हाताच्या हालचालीचा संबंध हा अभ्यासाचा जुना विषय आहे. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ पॉल फिट्स यांनी १९५४ साली मांडलेला नियम संगणकाच्या मांडणीचा अभ्यास करणाऱ्या प्रत्येकाला शिकवला जातो. एखाद्या ठिकाणी हात नेमका पोहोचायला लागणारा वेळ ते ठिकाण किती दूर आहे आणि किती मोठे आहे या दोन गोष्टींवर ठरतो, असे तो सांगतो. संगणकाच्या पडद्याला हा नियम लावला की एक महत्त्वाची गोष्ट हाती येते: कडा आणि कोपरे या सर्वांत सोप्या जागा आहेत. माऊस कितीही जोराने सरकवला तरी कर्सर कडेला येऊन थांबतो, त्यामुळे तिथले बटण दिसायला लहान असले तरी हाताच्या दृष्टीने फार मोठे असते. १९८४ सालच्या मॅकिंटॉश या संगणकामध्ये मेनूची पट्टी पडद्याच्या वरच्या कडेला अगदी चिकटून होती आणि ती आजही तिथेच आहे.

माझ्या नव्या सिस्टीममध्ये खालची पट्टी कडेपासून सोडवून थोडी वर तरंगती ठेवली आहे आणि तिचे कोपरे गोल केले आहेत. चित्रात ती देखणी दिसते. पण पट्टी आणि कडा यांच्यामध्ये बोटाच्या नखाएवढी जी फट राहिली आहे, तिच्यात मी केलेला क्लिक वाया जातो. पूर्वी डोळे झाकून माऊस डाव्या कोपऱ्यात ढकलला की मुख्य बटण हाताखाली येत असे. आता कर्सर कोपऱ्यात जाऊन बसतो, काहीच घडत नाही, आणि मला मान वळवून, नजर लावून त्याला चार मिलिमीटर मागे आणावे लागते. शोभेसाठी सोडलेल्या त्या फटीपायी पडद्यावरची सर्वांत सोयीची जागा फुकट गेली आहे.

ही चूक काही पहिल्यांदा होत नाही, आणि याचेच मला जास्त वाईट वाटते. विंडोज ९५ बरोबर, म्हणजे ऑगस्ट १९९५ मध्ये आलेले डाव्या कोपऱ्यातले स्टार्ट बटण २०१२ च्या विंडोज ८ मध्ये काढून टाकले गेले. त्याच्या जागी बोटाने हाताळायच्या पडद्याला साजेशी, मोठमोठ्या चौकोनांची मांडणी आली. लोकांची नाराजी इतकी तीव्र होती की पुढच्याच वर्षी विंडोज ८.१ मध्ये ते बटण परत आणावे लागले. बोट आणि माऊस यांच्या गरजा वेगळ्या असतात: बोटाला मोठी बटणे आणि त्यांच्यामध्ये मोकळी जागा लागते, तर माऊसवाल्याला कमी जागेत जास्त गोष्टी एका नजरेत दिसायला हव्या असतात. दोघांना एकच मांडणी दिली की दोघांचीही थोडी थोडी गैरसोय होते. माझ्या फाईलींच्या यादीत पूर्वी एका वेळी अडतीस नावे मावत होती, आता चोवीस मावतात. मधली सगळी जागा पांढरी आहे.

स्क्रोलबारविषयी मला जरा सविस्तर लिहायचे आहे, कारण त्याची किंमत तो गेल्यावरच कळते. तीनशे पानांचे हस्तलिखित वाचताना उजवीकडची ती पट्टी मला न विचारता दोन गोष्टी सांगत असे: मजकूर एकूण किती आहे आणि त्यात मी कुठे आहे. आता ती केसाएवढी बारीक झाली आहे आणि माऊस हलायचा थांबला की अदृश्य होते. ती दिसावी म्हणून आधी माऊस हलवायचा, मग कर्सर अगदी कडेला न्यायचा, मग ती थोडी जाड होईपर्यंत थांबायचे आणि मग पकडायची. ती कायम दिसत राहावी अशी सोय आहे, पण सेटिंग्जमध्ये ती दृष्टिदोष असलेल्यांसाठीच्या विभागात तीन पायऱ्या आत ठेवली आहे, आणि तिथवर मी पाचव्या आठवड्यात पोहोचले.

दृष्टीचा विषय निघालाच आहे, तर फिक्या अक्षरांबद्दलही सांगते. वेबवरील मजकूर सर्वांना वाचता यावा यासाठी जे मार्गदर्शक निकष आहेत, त्यांत साध्या आकाराच्या अक्षरांचा आणि पार्श्वभूमीचा कॉन्ट्रास्ट, म्हणजे उजळपणातला फरक, किमान ४.५ ला १ असावा असे म्हटले आहे. पांढऱ्यावर फिकट करड्या रंगात लिहिलेल्या या सिस्टीममधल्या सूचना माझ्या डोळ्यांना त्याच्या जवळपासही वाटत नाहीत, आणि बटणांच्या चौकटी काढून टाकल्यामुळे कुठला शब्द दाबायचा आणि कुठला नुसता वाचायचा हे ओळखू येत नाही.

बदलाला माझा सरसकट विरोध नाही. पण कापणे, प्रत करणे आणि चिकटवणे यांच्या एक्स, सी, व्ही या तीन की पाहा. संगणकशास्त्रज्ञ लॅरी टेस्लर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७० च्या दशकात झेरॉक्सच्या प्रयोगशाळेत या क्रियांना आकार दिला, १९८३ च्या अ‍ॅपल लिसा या संगणकावर त्या याच कीवर होत्या, आणि आज चाळीस वर्षांनंतर जवळजवळ प्रत्येक संगणकावर त्या तिथेच आहेत. त्या जुन्या दिसतात म्हणून कुणी हलवल्या नाहीत, आणि त्यामुळे एकदा शिकलेला माणूस कुठल्याही संगणकासमोर निर्धास्त बसतो. पडद्यावरच्या जागांनाही हाच न्याय मिळावा, आणि त्या हलवायच्याच असतील तर जुनी मांडणी ठेवण्याचा पर्याय पहिल्याच दिवशी समोर विचारला जावा, एवढीच माझी मागणी आहे.

बाबांच्या संगणकावरही हीच सिस्टीम आपोआप आली. निवृत्तीनंतर ते संगणक शिकले तेव्हा त्यांनी एक दोनशे पानी वही केली होती. प्रत्येक कामाला एक पान, पायऱ्यांना क्रमांक आणि समासात बटणांची पेनाने काढलेली चित्रे. त्या वहीच्या भरवशावर ते गेली नऊ वर्षे कुणालाही न विचारता मेल पाठवत होते, बिले भरत होते, फोटो जपून ठेवत होते. परवा त्यांचा फोन आला, "अगं, माझ्या वहीतलं काहीच आता पडद्यावर नाही. माझंच काही चुकलं का?" त्यांच्या हातून काही चुकलेले नाही हे पटवायला मला बराच वेळ लागला.

रविवारी आम्ही दोघे वही घेऊन बसलो. मी क्लिक करत होते आणि ते नवी चित्रे काढत होते, या वेळी पेन्सिलीने. सकाळपासून संध्याकाळपर्यंत अकरा पाने झाली. स्कॅनरचे पान अजून कोरे आहे, कारण तो पर्याय कुठे ठेवला आहे हे मलाही अद्याप सापडलेले नाही.