तुम्ही विचारलंत म्हणून: थंडीत लेकीला सायकलवर पाठवावं का?

डिसेंबर लागला की पालकांच्या बैठकीत एखादी आई विचारतेच, "मॅडम, एवढ्या गारठ्यात लेकराला सायकलवर धाडावं का?" सरकारच्या मानव विकास कार्यक्रमातल्या सायकली आठवी ते बारावीच्या मुलींना मिळतात, त्यामुळे हा प्रश्न घरोघरी आहे. मी स्वतः परभणीहून वसमत रोडने अकरा किलोमीटर सायकलवर शाळेत येते, म्हणून तो माझ्याकडे येतो.

माझं उत्तर एकच: जरूर पाठवा. थंडी सोसता येते. भीती बाळगायची ती अंधाराची.

शनिवारी सकाळची शाळा असते. जानेवारीत सूर्य उगवायलाच सात वाजत येतात, आणि नेमके हेच उसाचे दिवस. दोन वर्षांपूर्वी अशाच एका शनिवारी धुक्यातून येत होते. समोरून मोटारसायकलचा झोत डोळ्यांवर आला आणि तो गेल्यावर दिसलं, चार-पाच हातांवर उसाची ट्रॉली उभी. मागे लाल दिवा नाही, रिफ्लेक्टर नाही, चाकाला फक्त दगड लावलेला. बाहेर आलेली उसाची टोकं माझ्या तोंडाच्या उंचीवर होती. ब्रेक दाबला तर तो पटकन लागेना, कारण दवाने रिम ओली झाली होती. शेवटी सायकल खाली साइडपट्टीवर घातली म्हणून वाचले. त्या दिवसापासून घरून निघाल्यावर पहिल्या शंभर पावलांत ब्रेक तीन-चारदा हलका दाबून रिम कोरडी करून घेते. मुलींनाही तेच शिकवलंय.

आपल्याला ट्रॉली दिसत नाही, तशी ट्रॅक्टरवाल्याला आपली मुलगीही दिसत नाही. त्यात गणवेशाचा स्वेटर गडद निळा. मागच्या मडगार्डला लाल आणि पुढे पांढरी चमकणारी पट्टी चिकटवा, दप्तरालाही एक लावा. लुकलुकणारा लाल दिवा मिळाला तर फारच चांगलं. कॅनॉलचं पाणी जिथे रस्त्यावर येतं, तिथे ट्रॅक्टरच्या चाकांनी काळी माती आणून टाकलेली असते. दव पडलं की ती साबणासारखी होते. तिथे वळताना ब्रेक लावायचा नाही, वेग आधीच कमी करायचा.

आता कपड्यांचं. परभणीचा पारा एखाद्या पहाटे पाचाच्याही खाली जातो आणि दुपारी घरी परतताना ऊन तीस अंशांचं असतं. आठ अंशांत ताशी वीसच्या वेगाने सायकल मारली की वाऱ्यामुळे अंगाला पाच अंशांसारखं लागतं. म्हणून आया लेकराला जाड स्वेटरवर स्वेटर चढवतात. मग दोन किलोमीटरवर घाम फुटतो, आतला सुती कपडा भिजतो आणि त्या ओलीनेच लेकरू काकडतं. त्यापेक्षा पुढून चेनचा एक स्वेटर द्या आणि छातीवर त्याच्या आत वर्तमानपत्राची घडी. वारा अडतो, शाळेत आल्यावर घडी काढून टाकता येते. निघताना थोडं गार वाटलं तर वाटू द्या. कान आणि बोटं मात्र झाकलेली हवीत, कारण बोटं बधिर झाली की ब्रेक दाबला जात नाही. शाल अजिबात नको. शालीचं किंवा ओढणीचं टोक मागच्या चाकात गेलं की मुलगी रस्त्यावर आपटते.

चाकात हवा दुपारी भरत असाल तर पहाटे ती कमी झालेली दिसेल. तीस अंशांत भरलेली पन्नास पौंड हवा आठ अंशांत पंचेचाळीसच्या आसपास येते. पंक्चर समजून घाबरू नका.

आणि शनिवारी मुलींनी उजाडल्यावरच, तीन-चार जणींनी मिळून निघायचं. परिपाठ चुकला तरी चालेल, मी त्यांना उशिरा आल्याबद्दल बोलत नाही आणि कुणाला बोलूही देत नाही. चमकणाऱ्या पट्टीचं एक बंडल शाळेत आणून ठेवलंय. सोमवारी सायकल माझ्याकडे पाठवा, मधल्या सुट्टीत लावून देते.