शेरूचं औषध

रविवार, १८ मे

पाच वाजून गेले तरी गच्चीची फरशी पाय ठेवू देत नव्हती. अप्पांनी तिथंच शेरूची आंघोळ काढली. गोचिडांनी पार उच्छाद मांडलाय. काल कालनिर्णयाचं पान उलटायला गेलो तर मागं भिंतीवर तीन. कुत्र्याचं रक्त पिऊन टरारलेली मादी खाली पडते, भिंतीच्या भेगेत शिरते आणि हजारांनी अंडी घालते. म्हणजे नुसता शेरू धुऊन भागत नाही, हे कळतं, पण सोलापूरच्या उन्हाळ्यात भेगा तरी किती बुजवणार?

औषध जनावरांच्या दुकानातलं. अमिट्राझ, १२.५ टक्के. लिटरला दोन मिली, म्हणजे बादलीला वीस. अप्पांनी टोपणानं अंदाजे ओतलं, पाणी दुधासारखं पांढरं झालं, रॉकेलसारखा वास सुटला. मग कोपरापर्यंत हात घालून ढवळलं.

"अप्पा, हातमोजे तरी घाला."

"चाळीस वर्षं म्हशी धुतल्या. काय झालं बे मला?"

याला उत्तर नसतं. बाटलीवरची मुंगीएवढी अक्षरं मोबाईलच्या उजेडात वाचली : हातमोजे घाला, कातडीला लागू देऊ नका. नेटवर शोधलं तर आणखी एक निघालं. हे औषध अंगात गेलं तर नाडी मंदावते, गुंगी येते, रक्तातली साखर वाढते, म्हणून मधुमेह असणाऱ्यांनी तर ते हाताळूच नये असं सांगतात. अप्पांना बारा वर्षांपासून साखर आहे.

रात्री ते लवकर झोपले. साखर मोजली, २४०. दुपारी दोन वाट्या आमरस झाला होता, ऊनही होतं, त्यामुळं औषधावर ढकलणं बरोबर नाही. पण आमरसावर तरी किती ढकलू? शेरू मात्र आठ वाजेपर्यंत सुस्त पडून होता, पोळीलाही उठला नाही.

गुरुवार, २२ मे

जनावरांच्या डॉक्टरांनी मानेवर टाकायची नळी दिली. फिप्रोनिल. केस बाजूला करून कातडीवर ओतायचं, महिनाभर टिकतं. हे किड्यांच्या मज्जातंतूंवर चालतं, आपल्यावर त्यामानानं कमी, असं ते म्हणाले. बादलीपेक्षा शंभर पटीनं बरं, असं मलाही वाटलं. दोन दिवस तिथं हात लावू नका, पोरांना तर बिलकुल नाही, एवढं बजावून सांगितलं.

चिऊ चार वर्षांची. तिची झोप शेरूच्या मानेवर गाल टेकल्याशिवाय सुरू होत नाही. दोन दिवस तिला आजीकडं विजापूर रोडला पाठवलं, रडून घर डोक्यावर घेतलं पोरीनं.

मला वाटलं होतं, दोन दिवस सरले की विषय संपला. इंग्लंडातल्या अभ्यासकांनी असं औषध टाकलेल्या कुत्र्यांच्या मालकांचं हात धुतलेलं पाणी तपासलं, तर तब्बल २८ दिवसांनीही त्यात औषध सापडलं. नदीनाल्यांत हे कसं जातं ते शोधत होते ते लोक, आणि सांडपाण्यात सगळ्यात जास्त जात होतं ते हात धुण्यातून. कुत्र्याच्या आंघोळीतून नव्हे. म्हणजे महिनाभर आपण त्याला कुरवाळतोय आणि त्याच हातानं भाकरी मोडतोय. याचा माणसाच्या अंगावर काय परिणाम होतो, तो भाग वेगळा, आणि उगाच घाबरवायचं मला नाही. पण हात धुवायला काय पैसे पडतात?

अप्पांना हे वाचून दाखवलं. ऐकलं, काही बोलले नाहीत. संध्याकाळी शेरूच्या पाठीवरून हात फिरवला आणि नळाशी गेले. साबण दोनदा लावला. मी बघत नाही असं त्यांना वाटलं असावं.

मशीन लावून मीही निवांत बसलो. पाणी भरून ते फिरायला लागल्यावर आठवलं, शेरू ज्या जुन्या सोलापुरी चादरीवर झोपतो, ती चिऊच्या फ्रॉकांबरोबरच आत टाकलीय.