भाजल्याचा जुना व्रण आणि ‘कडा मुक्त’ असलेला अहवाल

पॅथॉलॉजिस्टला रुग्ण सहसा भेटत नाही. फॉर्मालिनच्या बाटलीतला तुकडा आणि सोबतचा फॉर्म एवढ्यावरच त्याला निदान करावे लागते. त्या दिवशीच्या फॉर्मवर ‘पायावरची न भरणारी जखम, कर्करोग आहे का?’ एवढेच लिहिलेले होते. जखम किती जुनी, कशामुळे झालेली, तुकडा कडेचा की मधला, याचा पत्ता नव्हता. हे रकाने भरायला शल्यविभागातल्या मंडळींना एवढे जड का जाते, हे कोडे मला अजून उलगडलेले नाही.

स्लाइडवर बाह्यत्वचेची बोटांसारखी लांब टोके खालच्या थरात उतरलेली दिसली. भोवती दाह होता आणि मधूनमधून केरॅटिनचे, म्हणजे त्वचेच्या कठीण प्रथिनाचे, गोल पुंजके. हे चित्र फसवे असते. वर्षानुवर्षे चिघळणाऱ्या जखमेच्या कडेला त्वचा अशीच वेडीवाकडी वाढते आणि तो कर्करोग नसतो. पेशी फारशा न बिघडलेला स्क्वेमस कर्करोगही (त्वचेच्या वरच्या थरातल्या चपट्या पेशींचा) वरवरच्या तुकड्यात हुबेहूब असाच दिसतो. पेशी किती खोल शिरल्या आहेत, विभाजनाच्या विकृत आकृती आहेत का, मज्जातंतूंना पेशींचा वेढा पडला आहे का, हे पाहायचे तर तुकड्याला खोली हवी आणि नेमकी तीच नव्हती. मी फोन केला तेव्हा कुठे समजले की रुग्ण लहानपणी भाजला होता आणि तो व्रण ३० हून अधिक वर्षे अधूनमधून फुटत होता. अशा व्रणांचे वर्णन मार्जोलिन या फ्रेंच शल्यविशारदाने १८२८ मध्येच करून ठेवले आहे. त्यांत उद्भवणारा कर्करोग आजही त्याच्याच नावाने ओळखला जातो. कडेचा खोल तुकडा मागवला आणि त्यात तो निर्विवाद दिसला.

बैठकीत एका तरुण सहकाऱ्याने जनुकचाचणीचा अहवाल उत्साहाने मांडला: टीपी५३ आणि नॉच१ या, पेशींच्या बेबंद वाढीला आवर घालणाऱ्या जनुकांत उत्परिवर्तने. ‘कारण सापडले,’ असे तो म्हणाला. ही उत्परिवर्तने आनुवंशिक नसून त्वचेच्या पेशींत आयुष्यात घडलेली होती, हे नातेवाइकांना सांगण्यापुरता तो अहवाल उपयोगी पडला. परंतु २०१५ मध्ये पापण्यांच्या निरोगी त्वचेचा अभ्यास झाला, तेव्हा १८ ते ३२ टक्के पेशींत कर्करोगाला पोषक उत्परिवर्तने आढळली होती, आणि त्यांत नॉच१ आघाडीवर होते. त्या पेशी मुकाट्याने आपले काम करत होत्या. मग याच पायावर, याच जागी त्या का उठल्या? सतत फुटणाऱ्या जखमेत दाहपेशींतून निघणारे ऑक्सिजनचे क्रियाशील रेणू डीएनएला इजा करतात, वाढीचे घटक पेशींना विभाजनाला उद्युक्त करत राहतात, आणि रक्तवाहिन्या व लसीकावाहिन्या विरळ असलेल्या व्रणात प्रतिकारपेशी पुरेशा पोहोचत नाहीत. डॉल्बर्ग, बिसेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८५ मध्ये कोंबडीच्या पिल्लांच्या एका पंखात राउस सार्कोमाचा, म्हणजे कोंबड्यांत गाठी निर्माण करणारा, विषाणू टोचला. दुसऱ्या पंखाला नुसती जखम केली, तर गाठ तिथेही आली. हा प्रयोग मी त्या बैठकीत सांगितला, पण पडद्यावर जनुकांचा रंगीत तक्ता असताना कोंबडीच्या पिल्लांकडे कोण लक्ष देणार?

शस्त्रक्रियेत कापून काढलेल्या नमुन्याच्या कडा कर्करोगमुक्त होत्या आणि तसा अहवाल मी दिला. मात्र त्या कडांच्या पलीकडे तोच ताठर, रक्तपुरवठा तुटपुंजा असलेला व्रण नडगीभर पसरलेला होता, आणि अहवालाच्या ठरावीक साच्यात त्याच्यासाठी रकाना नाही. म्हणून मी शेरा जोडला की उरलेला व्रण काढून त्वचारोपण करण्याचा विचार व्हावा आणि कोणताही भाग पुन्हा फुटल्यास कडेचा खोल तुकडा तपासणीसाठी पाठवावा. शल्यविशारदांनी फोन करून विचारले, ‘तिथे कर्करोग नाही असे तुम्हीच लिहिता, मग काढायचे कशाला?’ त्यांचे विचारणे गैर नव्हते. त्यांना दाखवायला माझ्याकडे एकही विकृत पेशी नव्हती.