तुम्ही विचारलंत म्हणून : पानांना भोकं पडली तरी औषध का मारत नाही?

दर पावसाळ्यात हा प्रश्न फाटकातूनच येतो. कढीपत्त्याच्या शेंड्याकडे बोट दाखवून कुणीतरी म्हणतं, "अहो, नुसत्या काड्या राहिल्यात, दिसत नाही का तुम्हाला?" गुलाबाच्या पानांना कातरल्यासारखे अर्धगोल पडले की तेच, जास्वंदीला पांढरं लागलं की तेच. दिसतं. रोज सकाळी पाणी घालताना शेंडे उलटे करून बघते, त्यामुळे तुमच्या आधी चार दिवस दिसलेलं असतं. आजवर "असू दे हो" म्हणून वेळ मारून नेली. त्यातून माझं बागेकडे लक्ष नाही अशी समजूत झाली, आणि ती मला लागते. म्हणून एकदा सविस्तर.

सगळी भोकं एकाच्या तोंडची नसतात. गुलाबाच्या पानाच्या कडेला नाण्याएवढा गुळगुळीत अर्धगोल कापलेला असेल तर ती पानकापी माशी. ती पान खातच नाही. तुकडा गुंडाळून पोकळ काडीत किंवा भिंतीतल्या भोकात नेते, त्याची नळी करते, आत पराग आणि मध भरून एक अंडं घालते. पान पोटात जात नाही म्हटल्यावर पानावर मारलेल्या औषधाने पुढचं कापणं थांबत नाही. माशी मात्र अंगाला लागून मरू शकते. वाल आणि तुरीच्या फुलांवर परागाचं काम करणाऱ्यांत ती आहे. पानाच्या मधोमध वेडीवाकडी भोकं आणि शेजारी वाळलेला चकचकीत पट्टा असेल तर गोगलगाय. लिंबाच्या कोवळ्या पानात पांढरी नागमोडी रेघ दिसली तर नागअळी. ती पानाच्या दोन पापुद्र्यांच्या आत असते, वरून मारलेलं बहुतेक औषध तिच्यापर्यंत पोचत नाही. आणि कढीपत्त्याचं पान कडेपासून मधल्या शिरेपर्यंत साफ झालं असेल तर ती फुलपाखराची अळी. एका पंपातलं एकच औषध या चौघांना कसं लागू पडणार?

कढीपत्त्यावर येतात ती बहुधा कॉमन मॉर्मनची पिल्लं, लिंबावर लाइम बटरफ्लायची. अंडं मोहरीएवढं, पिवळसर, कोवळ्या पानावर सुटं एकेक. तीन-चार दिवसांत फुटतं. लहान अळी तपकिरी-पांढरी, हुबेहूब पक्ष्याच्या विष्ठेसारखी. शेवटची कात टाकली की हिरवीगार होते. तिला काडी टोचली तर डोक्यामागून दुफाट्याची शिंगं बाहेर काढते आणि उग्र वास सोडते. पावसाळी हवेत दोन आठवड्यांत तिचं खाणं संपतं, मग आठ-दहा दिवस कोष. खरं नुकसान शेवटच्या चार-पाच दिवसांत होतं, आणि नेमकं तेव्हाच तुम्ही फाटकाशी येता.

चार फुटी झाडाला अशा चार-पाच अळ्यांनी काहीही होत नाही. शेंडा गेला की खालच्या पेरांतून दोन-तीन फुटवे येतात. झाड डेरेदार व्हावं म्हणून आपण शेंडे खुडतो, तेच हे. दीड फुटाच्या रोपाला मात्र दोन अळ्याही जास्त. तिथे मी अळी पानासकट उचलून मोठ्या झाडावर ठेवते किंवा रोपाला मच्छरदाणीच्या कापडाची टोपी घालते. मार्गशीर्ष-पौषातही सूट नाही, कारण थंडीत कढीपत्त्याची वाढ थांबलेली असते आणि खाल्लेलं भरून निघत नाही. "तुम्ही अळ्या पाळता" हे म्हणणं अर्धंच खरं आहे. बहुतेक अळ्या कोषापर्यंत पोचतच नाहीत. शिंपी पक्षी पिल्लांसाठी नेतो, गांधीलमाशा नेतात, मुंग्या अंडी नेतात. पडवीच्या कोपऱ्यात मातीची इवलीशी सुगडं बांधणारी कुंभारमाशी छोट्या अळ्यांना डंखाने बधिर करून त्यांत भरून ठेवते. सुगडं "घाण" म्हणून झाडूने पाडू नका एवढं तरी ऐका.

आता जास्वंदीचं. त्याबद्दल सगळ्यात जास्त ऐकून घेतलंय.

चार वर्षांपूर्वीच्या उन्हाळ्यापर्यंत मीही औषध मारत होते. नऊ फुटी लाल जास्वंद, बारा वर्षांची. फेब्रुवारी सरून हवा कोरडी आणि गरम झाली की तिच्यावर पिठ्या ढेकूण, म्हणजे मिलीबग हा रस शोषणारा पांढरा किडा, वाढतो. शेंड्याची पानं आकसून मूठ वळल्यासारखी होतात, कळ्या न उमलता गळतात, खालच्या पानांवर चिकटा पडतो आणि त्या चिकट्यावर काळी बुरशी धरते. त्या मार्चमध्ये जवळजवळ प्रत्येक शेंडा पांढरा होता. डायमेथोएट हे कीटकनाशक, ३० टक्के, लिटरला २ मिली, ३ लिटर द्रावण, सकाळी आठला फवारलं. दुसऱ्या दिवसाची वहीतली नोंद : "ढेकूण मेले. निकाल उत्तम."

झाडाखालची शहाबादी फरशी झाडताना पांढऱ्या मेलेल्या जिवांचा खच होता. त्यात काही फार मोठे होते. पिठ्या ढेकणाची मादी ३ मिलिमीटरच्या आसपास. हे सेंटिमीटरहून लांब, अंगावर मेणाच्या जटा. पहिला विचार आला तो असा : मोठे ढेकूणही मेले, म्हणजे औषध लागू पडलं. एक उलटा करून भिंगाखाली धरला. पुढच्या बाजूला पायांच्या तीन दणकट जोड्या आणि चावणारे जबडे. ढेकणाला जबडे नसतात, रस शोषायची सोंड असते. या क्रिप्टोलीमस नावाच्या ढालकिड्याच्या (लेडीबर्डच्या) अळ्या होत्या. त्यांचं अन्नच पिठ्या ढेकूण. ढेकणांत राहायचं आणि राखणदार मुंग्यांना चकवायचं म्हणून त्यांच्यासारखंच मेण अंगावर. हा ढालकिडा ऑस्ट्रेलियातून १८९८ मध्ये भारतात आणला गेला. आज प्रयोगशाळेत वाढवून द्राक्ष-डाळिंबाच्या बागांत सोडतात, शेतकरी त्यासाठी पैसे मोजतो. माझ्याकडे ते फुकट आले होते, कामाला लागले होते, आणि मी त्यांना विष घातलं.

त्याच फरशीवर आणखी दोन जीव होते. करड्या रंगाचे, चपटे, पाय न दिसणारे, पाठीवर पांढरी पूड. ते एपफ्लाय या लहान फुलपाखराचे सुरवंट. हा सुरवंट पान खात नाही, ढेकूणच खातो. त्याचा कोष जेमतेम पाच-सहा मिलिमीटरचा आणि वरून पाहिला तर माकडाचा चेहरा. इंग्रजी नाव त्यावरूनच पडलं. असे कोष मी आधीच्या वर्षांत जास्वंदीच्या पानांवरून नखाने खरवडून काढले होते. पक्ष्यांची घाण समजून.

तीन आठवड्यांत झाड पुन्हा पांढरं झालं, आणि आधीपेक्षा जास्त. ढेकणाची अंडी कापसासारख्या पिशवीत असतात, एका मादीची काही शे. तिथवर औषध पोचत नाही. मेणावरून थेंब ओघळतो. आकसलेल्या शेंड्याच्या आतले ढेकूण कोरडेच राहतात. ढालकिड्याच्या अळ्या मात्र उघड्यावर फिरतात, त्यामुळे त्या आधी मरतात. शत्रू गेला, पिशव्या राहिल्या, त्या आठवड्याभरात फुटल्या. एप्रिलमध्ये दुसरी फवारणी, मेमध्ये तिसरी, तीही भर उन्हाची. पानं करपून गळली. जूनमध्ये झाड दीड फुटावर छाटावं लागलं. एका बाजूने फुटलं, दुसरी बाजू वाळली ती कायमची. आजही झाड एकांगी आहे, तुम्ही पाहिलंय.

"निकाल उत्तम" लिहिणारी मी खोटं लिहीत नव्हते. मी दुसऱ्या दिवशी मोजलं आणि मोजणं थांबवलं. एकविसाव्या दिवशी त्याच पानावर नोंद करायला हवी होती.

हे फक्त माझ्या अंगणात घडलं असं नाही. पपईवरचा पिठ्या ढेकूण २००८ मध्ये कोइम्बतूरला पहिल्यांदा नोंदला गेला आणि तिथून पपई, तुती, कसावा, जास्वंद सगळीकडे पसरला. शेतकऱ्यांनी फवारण्यांवर फवारण्या केल्या, तो हटला नाही. २०१० मध्ये त्याच्या मूळ मुलखातल्या परजीवी गांधीलमाश्या परदेशातून आणून सोडल्या. त्यांतली असेरोफॅगस पपई ही मिलिमीटरहून लहान माशी ढेकणाच्या पोटात अंडं घालते. तिने काम केलं.

पण मग न मारता काय होतं, हेही सांगितलं पाहिजे. पुढच्या वर्षी मी फवारलं नाही. मुंग्यांची वाट तोडली, कारण चिकट्यासाठी मुंग्याच ढेकणांची राखण करतात आणि त्यांच्या शत्रूंना हुसकावतात. खोडाला सात सेंटिमीटर रुंद प्लॅस्टिकची पट्टी घट्ट गुंडाळायची, तिच्यावर ग्रीस. ग्रीस थेट सालीला लावलं तर साल कुजते. दर आठ-दहा दिवसांनी धूळ बसते, पुन्हा लावायचं. भिंतीला टेकलेली एक जरी फांदी राहिली तरी मुंग्या तिकडून चढतात आणि सगळी मेहनत वाया. आकसलेले शेंडे कापून पिशवीत बंद करून टाकायचे, खाली पाडायचे नाहीत. उरलेल्यावर पाण्याचा जोरदार फवारा, दर तीन दिवसांनी. ढालकिडे एप्रिलच्या तिसऱ्या आठवड्यात आले. तोवर दोन तृतीयांश कळ्या गळून गेल्या होत्या. म्हणजे चैत्र-वैशाखात पूजेला फुलं मागायला येणाऱ्यांना मी फुलं देऊ शकले नाही, हे कबूल. गणपतीला मात्र टोपली भरून दिली. गेल्या वर्षी ढालकिडे वेळेवर आले. यंदा मे संपला तरी पत्ता नव्हता आणि मला झोप लागत नव्हती. कपाटातली जुनी बाटली दोनदा बाहेर काढून परत ठेवली. पुढच्या वर्षीही ठेवीनच, असं वचन देत नाही.

तेव्हा "तुम्ही काहीच मारत नाही" हे चूक आहे. शेवंतीवर आणि वालावर ढगाळ थंडीत मावा येतो. आधी पाण्याचा फवारा. पाच दिवसांत ढालकिड्याच्या किंवा सिरफिड माशीच्या अळ्या दिसल्या नाहीत तरच निंबोळी तेल, लिटरला ५ मिली, आधी १ मिली द्रव साबणात घोटून मग पाण्यात. नुसतं पाण्यात घातलं तर तेल वर तरंगतं, पहिल्या पानाला पाणी आणि शेवटच्या पानाला निव्वळ तेल मिळतं. फवारणी ऊन उतरल्यावर, पानाच्या खालून. पस्तीस अंशांच्या पुढे पान भाजतं. "नैसर्गिक आहे, कितीही मारा" असं सांगणाऱ्यांचं ऐकू नका, ढालकिड्याच्या कोवळ्या अळ्यांना हे तेलही बाधतं. इमिडाक्लोप्रिड हे कीटकनाशक मुळाशी ओतायचा सल्ला मला तीन जणांनी दिलाय. ते झाडाच्या रसातून फुलातल्या मधापर्यंत जातं, आणि जास्वंदीच्या फुलात शिंजीर पक्षी चोच घालतो. ते मी करणार नाही. त्यावर चर्चाही नको.

आफ्रिकन गोगलगाय मी मारते, हयगय न करता. १८४७ मध्ये कलकत्त्याच्या एका बागेत सोडलेला हा पाहुणा. इथे त्याला आवर घालणारे थोडे. भारद्वाज खातो, पण एका भारद्वाजाने किती खाव्यात? मृगाच्या सरींनंतर संध्याकाळी ओलं गोणपाट पसरायचं, खाली पपईची सालं किंवा कोबीची पानं. पहाटे हातमोजे घालून वेचायच्या, कारण त्यांच्या अंगात माणसाला बाधणारे कृमी असू शकतात, आणि दाट मिठाच्या पाण्यात टाकायच्या. साबुदाण्याहून मोठी पिवळसर अंडी कुंडीच्या तळाशी मातीत मिळतात, एका घोसात शंभराच्या वर. तीही त्याच पाण्यात. गोगलगायी मारायच्या मेटाल्डिहाइडच्या विषारी गोळ्या नकोत. कुत्र्यांना आणि पक्ष्यांना त्या घातक आहेत, आणि भारद्वाज मेला तर उरलेल्या गोगलगायी वेचणार कोण?

डासांचं म्हणाल तर माझ्या बागेतून येत नाहीत, हे छातीठोक सांगते. कुंड्यांखालच्या ताटल्या दर रविवारी रिकाम्या होतात. नुसतं पाणी ओतून भागत नाही. एडिस डासाची अंडी पाण्याच्या रेघेवर कडेला चिकटलेली असतात, कोरडी राहूनही महिनोन् महिने टिकतात, म्हणून काथ्याने घासायची. कमळाच्या टाकीत गप्पी मासे आहेत. पक्ष्यांचं भांडं दोन इंच खोल, आत एक खडबडीत दगड, पाणी रोज बदलायचं.

सापाबद्दल एवढंच : तुम्ही दोनदा धावत येऊन दाखवलीत ती सापसुरळी. तिला विष नाही. ती किडेच खाते. चैत्र ते ज्येष्ठ मी मेंदी छाटत नाही, त्यावरही तुम्ही नाराज असता. तिथे बुलबुलाचं घरटं असतं, अंडी उबायला बारा-चौदा दिवस आणि पिल्लं उडायला तेवढेच. थंडीत थिरथिऱ्या शेपटी थरथरवत वाफ्यातले किडे टिपतो, तेव्हा मात्र तुम्हीच मुलांना घेऊन बघायला येता. किडे संपवले तर तो काय टिपायला उतरेल?

आज अश्विनातली सकाळ आहे. कढीपत्त्याच्या शेंड्यावर तीन हिरव्या अळ्या आहेत, कोष करायला त्यांना चार-पाच दिवस लागतील. फोडणीला पानं हवी असतील तर भिंतीकडच्या खालच्या फांदीची घ्या. फाटकाला कडी नाही.