त्सुक्कोमी जोक समजावून सांगत नाही

पुण्यात जॅपनीज शिकणारे भरपूर आहेत, मी त्यातलीच एक, आणि क्लासमधल्या कुणालाही मान्झाई, म्हणजे दोघांच्या जोडीने स्टेजवर करायची जपानी विनोदी जुगलबंदी, दाखवली की हमखास एकच तक्रार येते. एक जण (बोके) जोक मारतो आणि दुसरा (त्सुक्कोमी) लगेच त्यात काय चुकलं ते सांगतो, मग मजा काय राहिली? मला मान्झाई मनापासून आवडते म्हणून याचं नीट उत्तर द्यायचंय.

अमेरिकन स्टँडअपची सवय असली की असं वाटणारच. तिकडे एकटा माणूस येतो, स्टँडवरून माइक काढून हातात घेतो आणि स्वतःबद्दल बोलायला लागतो, घटस्फोट, आईबाप, वर्णभेद, राजकारण, सगळंच. जे बोलेल ते त्याचं स्वतःचं मत आणि त्याची जबाबदारीही त्याचीच, लेनी ब्रूस या अमेरिकन कॉमेडियनला तर १९६१ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोत स्टेजवरच्या बोलण्यापायी अटक झाली होती.

मान्झाईत माइक जागचा हलत नाही. मधोमध स्टँडवर सोनीचा जाडजूड सी-३८बी, त्याला तिकडे 'सानपाची' म्हणजे तीन-आठ म्हणतात, आणि त्याला अगदी खेटून दोघं उभे. बोके काहीतरी येड्यासारखं बोलतो आणि त्सुक्कोमी ओसाकाच्या बोलीत 'नान्देयानेन!' म्हणजे 'अरे काय हे!' म्हणत त्याच्या छातीवर हाताची चापट मारतो. आपल्या तमाशातली बतावणी पाहिलेल्या माणसाला ही जोडी परकी वाटू नये.

२०१९ ची एम-१ ग्रांप्री ही मान्झाईची स्पर्धा जिंकलेल्या मिल्क बॉय या जोडीचं बघा.  त्यांच्यातला बोके कोमाबा सांगतो की आईला एक नाश्त्याचा पदार्थ आवडतो पण नावच आठवत नाहीये. त्सुक्कोमी उत्सुमी म्हणतो कॉर्नफ्लेक्स असणार. पण कोमाबा सांगतो, आई म्हणते मरायच्या आधी शेवटचं जेवण म्हणून तेच चालेल, मग उत्सुमी म्हणतो छे, मग ते कॉर्नफ्लेक्स नाही, शेवटचं जेवण म्हणून कॉर्नफ्लेक्स कोण खाईल! असं हो-नाही हो-नाही चालू राहतं आणि प्रत्येक वेळी हशा पिकतो तो उत्सुमीच्या वाक्याला, कोमाबाच्या नाही. उत्सुमी काहीही समजावत नाहीये, आपल्या मनात जे अर्धवट येतं ते तो आपल्या आधी, आपल्यापेक्षा भारी शब्दांत आणि अचूक टायमिंगने बोलतो. स्टँडअपमध्ये हे काम प्रेक्षकाला मनातल्या मनात करावं लागतं, इथे त्यासाठी स्टेजवर आपला एक माणूस असतो.

अर्थात यात एक गोष्ट हरवते आणि ती मला खुपते. दोघांच्या संवादात 'हे माझं मत' असं ठासून सांगायला जागा कमी. वूमन रश अवर या मान्झाई जोडीतला मुरामोतो दाइसुके अणुप्रकल्पाच्या गावातला, फुकुईमधल्या ओओईचा. २०१७ मध्ये त्याने टीव्हीवर मान्झाईत ओकिनावातले अमेरिकन लष्करी तळ, अणुप्रकल्प सगळं काढलं, भन्नाट स्पीडने, आणि शेवटी जोडीदाराला सोडून थेट प्रेक्षकांनाच सुनावलं. मला तर तो क्षण मान्झाईपेक्षा स्टँडअपचाच वाटला. २०२४ मध्ये तो इंग्लिशमध्ये स्टँडअप करायला न्यूयॉर्कला गेला, एकटाच.