आधी ओझं, मग नेम

शिकारीचा विषय निघाला की पहिला प्रश्न ठरलेला: बंदूक कुठली? अलास्काच्या रानात मूसच्या, म्हणजे तिथल्या थोराड हरणाच्या, मागे हिंडायला लागल्यापासून मला त्याची गंमत वाटते. बंदुकीचं काम क्षणभराचं. बाकी सगळं नाक, पाय आणि पाठ यांचं. नाक मूसचं, पाय नि पाठ आपली.

मूसची नजर यथातथाच, पण वास झकास लागतो. ऊन चढलं की उतारावरची हवा वर सरकते, संध्याकाळी गारठा पडला की तीच दरीकडे वाहू लागते. म्हणजे सकाळी बिनधोक असलेली वाट सूर्य कलल्यावर दगा देते. मी खिशात टाल्कमची छोटी बाटली ठेवतो. थोड्या थोड्या वेळाने दाबायची आणि पावडर कुठे उडते ते बघायचं. आपल्याकडून सावजाकडे गेली, तर लांबचा वळसा घ्यायचा. कितीही कंटाळा आला तरी.

छोट्या विमानाने उतरलात, तर त्या दिवशी मूसवर गोळी झाडता येत नाही, दुसऱ्या दिवशी पहाटे 3 नंतरच. नियम मला पटतो. आकाशातून हेरून खाली उतरायचं आणि मारायचं, यात कसब ते काय?

खरा हिशोब ओझ्याचा. मोठा नर 600 किलोच्या घरात जातो, मांस सव्वादोनशे किलोपर्यंत निघतं. खाण्याजोगं मांस रानात टाकून येणं गुन्हा आहे, आणि शिंगं मांसाच्या आधी हलवता येत नाहीत. पाठीवर 35-40 किलो घेतले तरी सहा-सात फेऱ्या झाल्या, त्याही पाय ठेवला की कलंडणाऱ्या गवताच्या गड्ड्यांवरून. म्हणून तंबूपासून फार लांब दिसलेला नर मी नुसता बघतो. तळ्यात उभा असेल तर सोपा नेमही सोडतो. गार पाण्यात गुडघाभर उभं राहून एवढं धूड सोलायची हौस ज्याला असेल, त्याने खुशाल मारावा.

कातडं लगेच उतरवायचं, नाहीतर आतली ऊब हाडालगतचं मांस नासवते. तुकडे जाळीदार कापडी पिशव्यांत घालून सावलीत टांगायचे, आतड्यांच्या ढिगापासून दूर, परतताना लांबूनच दुर्बिणीत दिसतील असे. कारण त्या ढिगावर अस्वल येऊन बसलंय का, हे पुढच्या फेरीला जवळ जायच्या आधीच कळायला हवं.