१९१७च्या 'क्लिओपात्रा'चा एक फोटो मिळवताना

मूकपटांच्या काळातली अमेरिकन नटी थीडा बारा, तिचा 'क्लिओपात्रा' बघायला मिळणार नाही हे माहीतच होतं. ९ जुलै १९३७ला न्यू जर्सीतल्या लिटल फेरी गावात फॉक्स या सिनेमा कंपनीच्या फिल्म गोदामाला आग लागली, उन्हाळ्यात जुनी नायट्रेट फिल्म सडून गॅस सुटतो आणि ती आपोआप पेटते, फॉक्सचे बहुतेक मूकपट त्यात गेले. या सिनेमाचे आता थोडे तुकडे आणि भरपूर फोटो उरलेत. मी न्यू जर्सीतच राहतो, तिथून गाडीने अर्धा तास, त्यामुळे जास्तच लागतं मनाला. मंडळाच्या दिवाळी अंकासाठी लेख लिहीत होतो, म्हटलं एक तरी फोटो नीट स्कॅन करून घेऊ.

एका संग्रहालयात फोटो सापडला, पैसे भरले, सगळं एका दुपारी झालं. अडलं ते परवानगीपत्रावर. हक्कदाराचं पत्र जोडल्याशिवाय फॉर्म पुढे सरकेचना. अहो, १०० वर्षांपूर्वीचा सिनेमा, कॉपीराइट कधीच संपलाय, पत्र देणार कोण? तसं लिहून तेच जोडलं. ९ दिवसांनी उत्तर, परवानगीपत्र जोडा. परत लिहिलं, परत तेच वाक्य. शेवटी फोन केला, तीनदा लाइन फिरवल्यावर एक बाई म्हणाल्या, सिनेमाचा संपला असेल हो, पण हा फोटो तेव्हा छापून आला होता याला पुरावा काय? मुद्दा बरोबर होता! पण हे पहिल्याच मेलमध्ये सांगायला काय झालं होतं? पाच आठवडे गेले माझे, अंकाची तारीख डोक्यावर, संपादक रोज विचारतायत.

मग मीडिया हिस्टरी डिजिटल लायब्ररीच्या वेबसाइटवर बसलो, तिथे त्या काळची सिनेमासिकं फुकट वाचता येतात, शब्द टाकून शोधताही येतं. दोन रात्री गेल्या, पण तोच फोटो १९१७च्या अंकात सापडला. पानाचा फोटो, अंकाची तारीख, पान नंबर पाठवला, तिसऱ्या दिवशी मंजुरी. तुम्ही हे आधी करा, फॉर्म नंतर.

हो, आणि फोटोची मागची बाजूही स्कॅन करायला सांगा, मला उशिरा सुचलं. मागे पेन्सिलने नंबर आहे, एका कोपऱ्यात जुन्या गोंदाचा पिवळा डाग. पुढच्या बाजूला थीडा बारा, छातीवर वेटोळं घातलेले धातूचे साप, एकेक खवला मोजता येतो. अंकात अख्खं पान दिलंय.